मंगळवारचं बेअरिंग

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
शटरं खाली, रस्त्यावर ऑइलचे डाग,
आणि शिकलगारांच्या वर्कशॉपात
दोन लेथच्या मधल्या जागेत आम्ही.

इर्शादच्या सिंबलला तडा गेलाय.
त्याच्या अब्बांनी तड्याच्या टोकाला
ड्रिलनं बारीक भोक पाडून दिलं:
भेगेला टोक उरलं नाही की ती थांबते,
बीडाचं काय नि पितळेचं काय.
त्यांना आमची गाणी आवडत नाहीत.

उल्का चौगुलेच्या गिटारला चिमट्याचा ट्यूनर,
हिरवा दिवा लागला की सूर लागला.
बाबासो आवळे वडणग्याहून सायकलवर येतो,
कालचा पेपर पेटवतो, हलगी शेकतो,
टिचकी मारतो, कान लावतो.
"अजून कच्ची हाय."
मग हिरवा दिवासुद्धा थांबतो.

पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं होतं,
टेम्पो किती ठेवूया?
तो म्हणाला, "लगीन हाय का मयत?"
तेव्हापासून आम्ही तसंच विचारतो.

पैसे एकदाच मिळाले.
एका हॉटेलची जाहिरात, तीस सेकंद, तांबडा-पांढरा.
उल्कानं चेहऱ्यावरची रेघ न हलवता गायली.
त्यात माझ्या बेसच्या तारा आल्या,
बाबासोला नवं कातडं.
आता चौकातली पोरं लांबून हाक मारतात,
"ए तांबडा-पांढराऽऽ!"
आणि आम्ही वळून बघतो, हे वाईट.

आमच्या स्वतःच्या कार्यक्रमाला अकरा माणसं.
तीन उल्काच्या घरची,
एक डॉल्बीवाला, सामान परत न्यायला थांबलेला.
वायरी गुंडाळता गुंडाळता तो बाबासोला म्हणाला,
"पंधरा वर्षं मिरवणुका करतोय, दादा,
हलगी पुढंच असती, पण ऐकली आज."

त्याच महिन्यात ऋतुराजला पुण्यात नोकरी लागली.
अँप त्यानं आम्हालाच विकला, निम्म्या किमतीत,
आणि आम्ही घासाघीस केली.
रात्रीची गाडी होती, वार मंगळवार,
गाणं त्याआधी रेकॉर्ड व्हायला हवं होतं.
शेजारी पोवारमामांचं पॉवर प्रेस चालू.
धप्. धप्. आणि दर धपामागं बारीक किणकिण.
दाराला गाद्या लावल्या, खिडकीला पोती,
इर्शाद जाऊन हातापाया पडून आला.
"ऑर्डर हाय रं," मामा म्हणाले.
प्रेस गाण्यात आलंच,
चार मिनिटं अकरा सेकंद, हलगीच्या बरोबर खालून.

चार महिन्यांनी एका सोमवारी मामा दारात उभे.
आम्हाला वाटलं, आवाजाची तक्रार.
"पोरानं मोबाईलवर ऐकवलं तुमचं.
ते मंगळवारचं हाय. साडेतीनच्या आसपासचं."
कसं कळलं?
"चहानंतर मशीन जरा तापतंय, मग बेअरिंग असं वाजतंय.
वाजत होतं. बदललं त्याच आठवड्यात."
टोपी काढून ड्रमच्या रिकाम्या खोक्यावर बसले.
"लावा परत."

लावलं.
उल्काचा आवाज त्यांना ऐकू येत नसावा,
ऋतुराजची ती लांब जागाही,
जिच्यासाठी आम्ही सात वेळा पहिल्यापासून वाजवलं होतं.
ते खाली बघत होते
आणि उजवा पाय फरशीवर
नसलेलं पेडल दाबत होता,
एकदाही न चुकता.
इर्शाद त्या पायाकडं बघत राहिला.
मी बेस उचलला, मग परत ठेवला.

पुढच्या सोमवारी ते जुनं बेअरिंग घेऊन आले,
वेस्ट कॉटनमध्ये गुंडाळलेलं.
"भंगारात टाकलं न्हवतं. का ते काय म्हाईत न्हाई.
वाजतंय का बघा."

बाबासोनं ते बोटावर फिरवलं,
कानाजवळ नेलं, बराच वेळ.
मग खाली ठेवून
कालचा पेपर पेटवला.